खुंटीवरच्या टोप्या

पेद्रा मान्सा,
३ ऑगस्ट २००३

प्रिय झिला,

सकाळपासून शाळेच्या ओट्यावर बसलो आहे. अंगणात कॉफी वाळत घातली आहे. तिचा तो आंबूस-गोड वास आला की मला अजून वाटतं, आता घंटा होईल, पोरं रांगेत उभी राहतील आणि पहिल्या बाकावरचं कुणीतरी माझं पाखराचं गाणं सुरू करील. 'पाखरा, तुझे घर कुठे? जिथे पहाट आधी फुटे.' तुझा दुर्वाल लहानपणी 'फुटे'वर एवढा जोर द्यायचा की बाकाखालचं मांजर पळून जायचं. शाळा बंद पडली, मी निवृत्त झालो, पण कवितेला कुणी निवृत्त केलेलं नाही. ती येते आणि शेजारी बसते.

आता कामाचं. दोन-तीन आठवड्यांत शहरातून डोळ्यांचे संशोधक येताहेत. दुर्वाल ज्या गोळ्या घेतो, त्याच चाचणीची ही माणसं. निम्म्यांना खरं औषध, निम्म्यांना नुसती पिठाची गोळी, आणि कुणाला काय मिळतंय हे देणाऱ्यालाही ठाऊक नाही! दुर्वाल म्हणतो, "मामा, पिठाचीच द्यायची तर निदान गोड तरी करायची." या खेपेला ते आपल्या अख्ख्या सोरातो घराण्याचे डोळे तपासणार आहेत. ज्यांना नीट दिसतं त्यांचेसुद्धा. नजर जायच्या आधी डोळ्याच्या नसेवर काही खूण उमटते का, हे त्यांना शोधायचंय. त्यांच्या प्रमुख डॉक्टर मिरेला म्हणून बाई आहेत. त्यांनी मला निरोप पाठवलाय की शाळेच्या फळ्यावर घराण्याची वंशावळ काढून ठेवा. बाईला गोल, पुरुषाला चौकोन, नजर गेली असेल तर आतून भरायचं. कितीतरी दिवसांनी खडू हातात धरला, झिला. बोटं पांढरी झाली आणि मला रडूच येईल की काय असं वाटलं. आईच्या मावश्यांची नावं तुला आठवत असतील तर ताबडतोब कळव.

दुर्वाल बरा आहे. पंचविशी पूर्ण झाली, म्हणजे या डिसेंबरात, डोळ्यांची राखण करणाऱ्या आपल्या सांता लुझियाच्या जत्रेत त्याची टोपी ठेवायची पाळी. मला माझा दिवस आठवतो. चर्चच्या भिंतीवरच्या खुंटीला टोपी अडकवली, सांता लुझियासमोर हात जोडून म्हटलं, 'आंधळेपण माझ्यापाशीच थांबो,' आणि बाहेर आलो तर नाचात एकही मुलगी माझ्याकडे पाहिना. सोरातोच्या पुरुषानं लग्न करायचं नाही. नजर पुरुषांचीच जाते, बायकांची क्वचित. तेव्हा बी पुरुषाचं, त्यानंच थांबवायचं. माझी नजर शाबूत राहिली तरी रक्त तेच. बायकांनी मात्र खुशाल संसार करावा. असं आपल्या पणजोबांपासून चालत आलंय.

अडचण एकच, लेनिरा. सुताराची मुलगी, तू पाहिली आहेस. ती दुर्वालला म्हणाली आहे, "तुझी टोपी खुंटीवर गेली की दुसऱ्या दिवशी मी साओ पाउलोला मावशीकडे. मग हाका मारू नकोस." पोरगी तिखट आहे, पण जीव लावते. दुर्वालला समोरचं मधलं काही दिसत नाही, कडेचं तेवढं दिसतं. तिचा चेहरा पाहायचा तर तो तिच्या शेजारच्या भिंतीकडे बघतो. ती म्हणते, "बघा मास्तर, परत त्या भिंतीच्या प्रेमात पडला!"

मी त्याला एवढंच सांगितलं, मी ठेवली, तूही ठेव. मामाच्या शब्दाबाहेर तो जाणार नाही.

तुझा,
आन्सेल्मोदादा


बेलो होरिझोन्ते,
१० ऑगस्ट २००३

दादा,

तुझं पत्र वाचायला मला दोन कप कॉफी लागते आणि मुद्दा तिसऱ्या कपात येतो. तुला फळा दिला, आता तू आठवडाभर हवेत.

मावश्यांची नावं घे: पाल्मिरा, जेनोव्हेफा आणि ती गलगंडवाली आसुंता. पाल्मिराचे तिन्ही मुलगे आंधळे झाले, आसुंताचा एक. जेनोव्हेफाला मूल नव्हतं, नवरा मात्र दोन होते. तेही फळ्यावर काढ, डॉक्टरांची करमणूक होईल.

इथं थोरल्या अडेमारच्या तपासणीला गेले तर माझंही रक्त काढलं. मी म्हटलं, "अगं, माझं कशाला? चौसष्टाव्या वर्षी मी सुईत दोरा ओवते." ती पोरगी म्हणाली, "आजी, सगळ्यांचंच घेतो." इव्होनेचंही घेतलं. तिला डिसेंबरात दिवस भरताहेत. सारखी म्हणते, आई, मुलगी होऊ दे, म्हणजे डोळ्यांची काळजी नको. दोन आंधळे भाऊ पाहिलेत तिनं, दुसरं काय म्हणणार?

टोपीचं मी काय बोलू? अडेमारनं ठेवली तेव्हा मी महिनाभर भात शिजवला आणि टाकून दिला. आता दुर्वाल. तू म्हणतोस तसंच होईल. पण एक सांग दादा, तुला कधी वाटलं नाही का रे? चार वर्षांपूर्वी ओन्दिना वारली तेव्हा तू मला चार ओळींचं पत्र पाठवलंस. तुझ्या अख्ख्या आयुष्यातलं तेवढं एकच छोटं पत्र. मी ते जपून ठेवलंय.

पेरूच्या वड्या पाठवते आहे. दुर्वालला दे, सगळ्या तूच संपवू नकोस.

झिला


पेद्रा मान्सा,
२२ ऑगस्ट २००३
(हे पाठवलं नाही)

झिला,

तुलाच लिहितो आहे, पण तुला पाठवणार नाही. कागदावर ठेवलं नाही तर छाती फुटेल.

डॉक्टर मिरेला आज फळा पाहायला आल्या. बुटक्या, हसऱ्या, लहान पोरांच्या बाकावर गुडघे वर करून बसल्या आणि केळं सोलता सोलता फळा वाचायला लागल्या. मी छडी घेऊन उभा. मला फार बरं वाटत होतं, गं. कितीतरी दिवसांनी कुणीतरी विद्यार्थी होतं.

त्या म्हणाल्या, "मास्तर, चौकोनांच्या खाली रेघ का नाही कुठेच?"

"लग्नच करत नाहीत, तर खाली रेघ कुठून येणार?"

"कुणीच नाही?"

"एकटा रेजिनाल्दो." मी छडीनं दाखवला. तिबुर्सिओचा थोरला भाऊ, तुला आठवतो ना, नजर गेल्यावर टोपी न ठेवता कुंभाराच्या मुलीला घेऊन पळाला तो. "पोरं झाली, नातवंडं झाली. सगळ्यांची नजर लख्ख. गाव म्हणतं, लुझियानं चोराला माफ केलं."

त्यांनी केळं खाली ठेवलं. उठून फळ्याजवळ आल्या. रेजिनाल्दोच्या चौकोनाखालच्या रेघेवरून बोट फिरवलं. सगळे पांढरे. मग आपल्या पणजीच्या गोलावरून बोट खाली आणलं, गोलातून गोलात, आणि भरलेले चौकोन सगळे त्याच वाटेवर लटकलेले. मी तीस वर्षं पोरांना आकृत्या वाचायला शिकवल्या. त्यांनी तोंड उघडायच्या आधीच मला दिसलं.

"हा आजार आईकडूनच येतो, मास्तर. बापाकडून नाही. कधीच नाही."

"पण बायकांना तर दिसतं!"

"बहुतेकींची नजर राहते. पण मुलांना देतात त्याच."

मी विचारलं, "हे केव्हापासून माहीत आहे?"

"पंधरा वर्षं झाली असतील."

"आणि आम्हाला कुणी सांगितलं नाही?"

त्या गोंधळल्या. "लग्नाचा इथे कुणी कधी विषयच काढला नाही. त्या चर्चमधल्या टोप्या... आम्हाला वाटलं, नवस फेडलेले असतील."

नवस! हसू आलं मला, झिला. मोठ्यानं हसलो.

विचार कर. आपल्या पुरुषांना मुलंच नव्हती, म्हणून ती चांगली निपजली असती हे कुणाला कळणार कसं? एक रेजिनाल्दो, त्याला चोर म्हटलं. आणि ज्यांना खुशाल संसार करा म्हणून सांगितलं त्यांच्याच पोटी... दरवर्षी टोप्या वाढल्या आणि आपण म्हणत राहिलो, कुणीतरी नियम मोडला असेल.

बेचाळीस वर्षं. ओन्दिना त्या रात्रीच्या नाचात लिंबाच्या रंगाचा झगा घालून भिंतीशी उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही. नियमच होता. मग तिची मुलं माझ्याच वर्गात आली आणि मी त्यांना पाखराचं गाणं शिकवलं. तिचा मोठा मुलगा गाताना तिच्यासारखी मान वाकडी करायचा. ती मुलं माझी असती तर त्यांची नजर जशी आहे तशीच राहिली असती. अगदी तशीच.

आणि आता दुसरा घाव, तो माझा नाही. तुझा गोल फळ्यावर आहे, झिला. मीच काढला, छान वाटोळा. त्याच्याखाली भरलेले दोन चौकोन. आणि एक पांढरा गोल, इव्होने. मी माझं दुःख तुला सांगायला गेलो तर तुला तुझ्या पोरांच्या डोळ्यांचा हिशेब मागितल्यासारखं होईल. कसं सांगू?

डॉक्टरबाई म्हणाल्या, रक्ताचे अहवाल आले की प्रत्येक बाईला वेगळं बसवून हळूच सांगायचा त्यांचा नियम आहे. गावात जानेवारीत. तोवर मी बोलू नये. मी मान हलवली. मला तरी कुठं बोलायचं होतं!


पेद्रा मान्सा,
२२ ऑगस्ट २००३

प्रिय झिला,

डॉक्टर येऊन गेले. विशेष काही नाही. हनुवटी टेकवा, ठिपका दिसला की बटण दाबा, असं चाललं. माझे डोळे ठणठणीत निघाले. दुर्वालला पाटीवरचं एक मोठं अक्षर कडेनं दिसलं म्हणे. गोळीनं की आपोआप, ते कुणी सांगत नाही.

पेरूच्या वड्या मिळाल्या. तू वेळेवर जेवतेस ना? झोप लागते? तू लहान असताना आंब्याच्या झाडावरून पडलीस आणि आई म्हणाली, मुलीनं झाडावर चढूच नये. तेव्हा मी म्हटलं होतं, फांदीच कुजकी होती. आठवतं तुला? खरंच कुजकी होती.

आन्सेल्मो


बेलो होरिझोन्ते,
२८ सप्टेंबर २००३

दादा,

तुझं पत्र एका कपात संपलं. तब्येत बरी आहे ना?

आमच्या रक्ताचं अजून काही कळलं नाही. हॉस्पिटलवाले काय, या म्हणतात, बसा म्हणतात, जा म्हणतात. इव्होनेचे पाय सुजलेत. अडेमार टेलिफोनच्या कामावर रमलाय. त्याचा आवाज ऐकून एक बाई रोज विनाकारण फोन करते असं तिथली मंडळी सांगतात.

संध्याकाळी तुला एकटं वाटतं का रे? एक चांगला रेडिओ घे. आणि खरं सांगू? तुझं लग्न झालं असतं तरी तू पुस्तकातच डोकं घालून बसला असतास. बायको चार दिवसांत वैतागली असती. त्या ओन्दिनाला तर बोलायला माणूस लागायचं. जे झालं ते बरंच झालं. हे मी उगाच लिहीत नाही, मनापासून लिहिते आहे.

दुर्वालच्या टोपीची एवढी घाई आहे का? एखादं वर्ष थांबला तर? असंच आपलं विचारते.

झिला


पेद्रा मान्सा,
१९ नोव्हेंबर २००३

प्रिय झिला,

मधे पत्र नाही, रागावू नकोस. रेडिओ घेतला. गाणी लागतात, पण हल्लीच्या गाण्यात यमक जुळत नाही.

दुर्वालनं टोपी आणली. राखाडी रंगाची, काळी फीत. बाजारात दुकानदारानं आरसा पुढे धरला आणि मग जीभ चावली. दुर्वाल म्हणाला, "धरा हो, आरशाला तरी दिसू दे." घरी येऊन ती खुर्चीवर ठेवली आहे. मी त्या खुर्चीवर बसत नाही.

काल लेनिरा शाळेत आली. फळ्यावर चादर टाकलेली होती, तिकडे एकदा पाहून म्हणाली, "मास्तर, तुम्ही त्याला नको म्हणालात तर तो टोपी ठेवणार नाही. एक शब्द. तुम्ही तर शब्दांचे श्रीमंत. आम्हाला केवढ्या कविता पाठ करायला लावल्या!"

मी म्हटलं, "गावाचा नियम आहे, पोरी."

"मला आंधळी पोरं झाली तर मी त्यांना भिंतीकडे बघायला शिकवीन. ते माझं मी बघते. तुम्हाला काय अडचण आहे?"

मग म्हणते, "तुमच्या वेळी ओन्दिनाआजी अशी तुमच्या मामाकडे गेली होती का?"

"नाही."

"जायला हवं होतं तिनं," असं म्हणून गेली. जाताना दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

झिला, मला काय करावं कळत नाही. त्याला थांबवायचं तर कारण सांगावं लागेल, आणि कारण... जाऊ दे. तू स्वतःला त्रास करून घेऊ नकोस. पोरांच्या बाबतीत तुझी काही चूक नाही, एवढं लक्षात ठेव. इव्होनेला आशीर्वाद.

आन्सेल्मो


बेलो होरिझोन्ते,
३० नोव्हेंबर २००३

दादा,

कारण नसताना कुणी 'तुझी काही चूक नाही' असं लिहीत नाही. तेवढं वाचलं आणि हातातली कढई खाली ठेवली. म्हणजे तुलाही माहीत आहे!

मला सप्टेंबरपासून माहीत आहे. त्याच मिरेलाबाईंनी खोलीत बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं. मी विचारलं, "म्हणजे मी दिलं?" त्या म्हणाल्या, "दिलं असं म्हणू नका, तुमच्याकडून गेलं." काय फरक पडला? मी बाहेर आले आणि बसथांब्यावर उभी राहिले. बस आली, गेली, दुसरी आली, गेली. एका बाईनं विचारलं, "मावशी, कुठं जायचंय?" मला सांगता येईना. घरी आले तेव्हा अडेमार म्हणाला, "आई, तुझी चप्पल एकाच पायात वाजतेय." दुसरी कुठं पडली ते मला आजपर्यंत माहीत नाही.

आणि त्या सगळ्या घालमेलीत मला काय वाटलं सांगू? दादाला हे कळता कामा नये. तो कशासाठी एकटा राहिला हे त्याला कळलं तर मरेल तो. म्हणून तुला ते खोटंनाटं लिहिलं, रेडिओ घे आणि बायको वैतागली असती आणि काय काय. ओन्दिना वैतागली नसती, दादा. तिला बोलायला माणूस लागायचं ते तूच होतास.

म्हणजे बघ. तू माझ्यासाठी गप्प, मी तुझ्यासाठी गप्प, आणि आपल्या दोघांच्या या मायेखाली माझं पोरगं चिरडणार. केवढी प्रेमळ माणसं आपण! मला तुझाही राग आलाय आणि माझाही, कुणाचा जास्त ते ठरवायला वेळ नाही.

मुलांना मी सांगितलं. आधी अडेमारला. तो म्हणाला, "तर मग त्या फोनवालीला घरी बोलावू?" मी हसले आणि तशीच जमिनीवर बसले. इव्होनेला सांगणं जड गेलं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी येऊन विचारलं, मुलगा झाला तर काय करायचं? मिरेलाबाईंनी तिला बोलावून घेतलं. सगळ्यांचीच नजर जाते असं नाही म्हणाल्या. घरात विडी-सिगारेटचा धूर नको, मोठा झाल्यावर उसाच्या दारूपासून लांब ठेवायचा, त्यानं नसेवर घाला लवकर पडतो. दरवर्षी डोळे दाखवायचे, काही बदल दिसला तर लगेच उपचाराच्या चाचणीत घेतील. जावयानं त्याच दिवशी सिगारेटची पाकिटं संडासात टाकली आणि संडास तुंबला.

आता तुझं काम. मी तिथं येऊ शकत नाही, इव्होनेचे दिवस भरलेत. हे पत्र तू सांता लुझियासमोर मोठ्यानं वाचून दाखव. गावातल्या बायकांना जानेवारीत एकेकटं बसवून सांगायचं, हा मिरेलाबाईंचा नियम त्यांच्यापाशी. बाकी कुणाचं रक्त काय ते त्या जानेवारीत सांगू देत. पण माझं रक्त माझं आहे, ते मी हवं त्याला सांगीन. लिहिते आहे: मी झिला सोरातो, माझ्या दोन मुलांची नजर माझ्याकडून गेली. त्यांच्या बापाकडून नाही, आजोबाकडून नाही, मामाकडून नाही. माझ्या मुलांकडून ती पुढे कुणाला जाणार नाही. दुर्वाल, टोपी डोक्यावर ठेव.

वाचताना मधे गाळू नकोस, दादा. तुला गाळायची सवय लागली आहे.

तुझी,
झिला


पेद्रा मान्सा,
१४ डिसेंबर २००३

प्रिय झिला,

मुलगा झाला, ही तार काल सकाळी मिळाली. बाळाला आणि इव्होनेला माझे अनेक आशीर्वाद. ती तार खिशात घेऊनच मी चर्चमध्ये गेलो होतो.

गर्दी नेहमीसारखीच. बायका डाव्या बाजूला, पुरुष उजवीकडे, आंधळे पुढच्या बाकावर. सांता लुझियाच्या हातातल्या ताटलीतले ते लाकडी डोळे कुणीतरी नव्यानं निळे रंगवले होते. दुर्वाल टोपी घेऊन निघाला. भिंतीला हात लावत, रिकामी खुंटी चाचपत. लेनिरा दारात उभी होती, पायाशी पेटी. जायची तयारी करूनच आली होती.

मी उठलो. म्हटलं, "दुर्वाल, थांब." वर्गात म्हणायचो तसा आवाज निघाला. अर्ध्या चर्चनं आपोआप हाताची घडी घातली.

मग तुझं पत्र वाचलं. गाळलं नाही. संडास तुंबला तेही वाचलं.

लोक ओरडतील असं मला वाटलं होतं. कुणी ओरडलं नाही. आधी बायकांच्या बाजूनं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ती एउफ्राझिया, जिचे तिन्ही मुलगे समोरच्या बाकावर बसतात, ती उभी राहिली होती. म्हणाली, "म्हणजे मी? मास्तर, मी?" मी म्हटलं, "मला माहीत नाही. जानेवारीत डॉक्टर सांगतील." ती म्हणाली, "तुम्हाला माहीत आहे." आणि चालत आपल्या मुलांपर्यंत गेली, त्यांच्या पायाशी बसली. थोरल्यानं वाकून तिचं डोकं शोधलं आणि त्यावर हात ठेवला.

आपण फार चांगली बातमी आणली असं समजू नकोस, झिला. मी तिथं उभा होतो आणि मला डाव्या बाजूला पाहवत नव्हतं.

तेवढ्यात तिबुर्सिओ, ऐंशी वर्षांचा, उठून म्हणाला, "आन्सेल्मो, हे आधी सांगायचं नाही का रे? आज दाढी तरी केली असती." कुणीतरी हसलं, आणि हसताना रडायला लागलं. मग पुढच्या बाकावरचे सगळे उठले. भिंतीशी गेले. आपापली टोपी हातानं शोधायला लागले. तुला माहीत आहे, एकदा ठेवलेल्या टोपीला तिच्या धन्यानं पुन्हा हात लावायचा नाही. "ही माझी का बघ, डाव्या कानाशी फाटलेली होती." "ती सोड, ती माझ्या चुलत्याची, तो मेला." कसरीनं खाल्लेल्या, झुरळांनी पोखरलेल्या. कुणाच्या हातात नुसता काठच आला. धुळीनं सगळं चर्च खोकत होतं.

दुर्वाल होता तिथंच उभा. लेनिरा पेटी दारातच सोडून त्याच्यापाशी गेली. त्यानं ती नवी राखाडी टोपी तिच्या डोक्यावर ठेवली, पार कपाळावर आली. मग नीट पाहता यावं म्हणून शेजारच्या भिंतीकडे वळला. ती म्हणाली, "आता पुरे झाली भिंत." फेब्रुवारीत लग्न आहे. तुला यावं लागेल.

आता माझं. तू विचारशीलच, म्हणून सांगतो.

सगळे गेल्यावर मी माझ्या खुंटीशी गेलो. खिडकीकडून तिसरी. इतकी वर्षं मी तिकडे नजर जाऊ दिली नव्हती. मला वाटलं, हातात नुसता भुगा येईल. पण टोपी शाबूत होती, गं. शेजारच्या दोन्ही टोप्या चाळणी झालेल्या, आणि माझी धड. आत कापराचा वास. फीत माझी नव्हती. माझी काळी होती, ही लिंबाच्या रंगाची, आणि ती बारीक टाक्यांनी शिवलेली. वर धूळ होती, पण पातळशी.

चर्च झाडायला सेबास्तियाना आली होती. मी विचारलं, "ही कुणी सांभाळली?"

ती झाडू न थांबवता म्हणाली, "ओन्दिना. जत्रेच्या आदल्या दिवशी येऊन झटकायची, कापूर बदलायची. दरवर्षी. चार वर्षं झाली, आता कुणी येत नाही. मला वाटलं मास्तर, तुम्हाला माहीत आहे."

तुझा,
आन्सेल्मो